साहेबांची शाल

पाळणाघरात सगळ्यांत आधी जाग यायची ती मागच्या धुण्याच्या खोलीला. रस्त्यावरचे दिवे अजून जळत असायचे, आणि इथे शेगडीवर पिंपाएवढं भांडं खदखदायला लागलेलं असायचं. भांड्यात चादरी, उशांचे अभ्रे, लाळेरी, पुसायची फडकी. भांड्यासमोर हातात लाकडी दांडका घेऊन एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. मुलं तिला उकळीकाकू म्हणत. मुलांचं ऐकून शिक्षिका म्हणायला लागल्या, आणि शेवटी टपाल आणणारा माणूससुद्धा दारातून ‘उकळीकाकू, सही!’ असं ओरडायला लागला. काकूंना राग यायचा का? राग त्यांना सगळ्याचाच यायचा, पण ह्याचा नाही.

कपडे धुवायचं यंत्रही होतं तिथे, चांगलं मोठं, पुढे गोल काच असलेलं. काकूंचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. ‘ते नुसतं घुमवतं,’ त्या म्हणायच्या. ‘घुमवून काय होतंय? चक्कर येईल चादरीला.’ म्हणून आधी उकळी, मग यंत्र, मग दोरी, मग इस्त्री. ह्यात एक पायरी गाळा म्हणून कुणी सांगायला गेलं, तर त्याची धडगत नसायची. एका नव्या शिक्षिकेनं एकदा कुणाचं तरी शी लागलेलं दुपटं चांगल्या चादरींत टाकलं, तेव्हा काकूंनी तिला जे फैलावर घेतलं, ते स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं. ती पोरगी रडली. काकूंनी तिला चहा करून दिला आणि चहा देतानाही बोलतच राहिल्या.

सोड्याच्या गरम पाण्यानं त्यांचे हात कोपरापर्यंत कायमचे लाल झालेले. जागोजागी कातडी सोललेली, वाफेनं पोळल्याचे जुने डाग. त्यांची नात त्याच पाळणाघरात यायची, मोठ्या मुलांच्या गटात. ती त्या हातांना ‘आजीचे लाल हातमोजे’ म्हणायची आणि दुपारी झोपताना एक हातमोजा गालाखाली घ्यायची. सून कामावर लवकर जायची, म्हणून नात भल्या सकाळी आजीबरोबरच यायची. शिक्षिका येईपर्यंत ती एकटीच खेळाच्या खोलीत बसून राही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ज्यांनी ठेवायला हवी होती त्यांनी ठेवली नाही.

तर साहेब आले ते एका कुटुंबानं दिले म्हणून. त्यांना घर बदलायचं होतं आणि नव्या घराच्या मालकाला जनावर चालत नव्हतं. राखाडी रंगाचा, भरल्या अंगाचा ससा. दिवसभर एका जागी बसायचं, पुढ्यात येईल तो कागद चघळायचा आणि कुणी काही सांगायला गेलं की तोंड फिरवायचं. स्वयंपाकीण पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘अगंबाई, हे तर साहेबच!’ तेव्हापासून साहेब. साहेब गवत खातात, साहेब झोपलेत, साहेबांना हात लावायच्या आधी विचारा. मुलं तर वेडीच झाली. काकू मात्र लांबच राहिल्या. ‘माझ्या पांढऱ्या चादरींवर ह्याचे केस दिसले तर बघा,’ एवढं बोलून त्यांनी धुण्याच्या खोलीचं दार लावून घेतलं.

साहेबांबरोबर त्यांची शाल आली होती. शाल कसली, जुन्या लोकरी पांघरुणाचा जांभळा तुकडा, कडा कुरतडलेल्या. साहेब त्यावर बसायचे, त्यावर झोपायचे, कधीमधी त्यावरच शी-शू उरकून घ्यायचे. काकूंची नजर पहिल्याच आठवड्यात त्या तुकड्यावर पडली. त्यांनी तो दोन बोटांत उचलला आणि निघाल्या भांड्याकडे.

‘काकू, नको!’ मोठ्या गटाची शिक्षिका धावत आली. तिला सगळे ताई म्हणत. वयानं लहान, मनानं मऊ, मुलांना डोक्यावर बसू देणारी. ‘शाल धुवायची नाही. त्याला त्याचा वास ओळखीचा असतो. वास गेला तर तो बिथरतो, खाणं सोडतो. आणि ससा खायचा थांबला की मरतो हो.’

‘वास येतोय म्हणून तर धुते आहे!’

‘नको ना काकू. मुलांना काय सांगू मग मी?’

मागे मुलं उभी. त्यांत नातही, ओठ काढून. ‘आजी, साहेब मरतील?’

काकूंनी शाल परत टाकली. ‘धुवायची नाही तर नाही धुवत. पण एक सांगते, ह्या घरात न उकळलेली ही एकच चिंधी आहे.’ आणि दिवसभर त्या स्वतःशी पुटपुटत होत्या.

पुढे शालीचं प्रस्थ फारच वाढलं. दुपारी जे मूल रडेल, त्याच्या मांडीवर साहेब, आणि साहेबांना पळायचं असेल तर नुसती शाल. शनिवारी साहेब कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून जायचे. आठवडाभर जे शहाण्यासारखं वागेल त्याच्या घरी. घरं बदलायची, शाल तीच. ती कुणाच्या गादीवर पडायची, कुणाच्या सोफ्यावर, कुणाच्या आजोबांच्या पायांवर. सोमवारी साहेब परत आले की काकू लांबूनच नाक मुरडायच्या.

उन्हाळा चढायला लागला आणि मुलं खाजवायला लागली.

पहिल्यांदा नातीला झालं. पोटावर आणि कोपराच्या आतल्या बाजूला लाल पुटकुळ्या. डास चावले असतील म्हणून सुनेनं मलम लावलं. मग आणखी दोघांना झालं, मग एका मुलाच्या आईला, मग अर्ध्या गटाला. दुपारच्या झोपेच्या वेळी खोलीत नुसती खरखर ऐकू यायची. पालकांचे फोन सुरू झाले. ताई उन्हाळ्यातही अंगभर ओढणी घेऊन हिंडायला लागली, पण तिच्याकडे बघतो कोण?

संचालिका मॅडमनी संध्याकाळी पालकांना बोलावलं. दिवाणखान्यात मुलांच्या बुटक्या खुर्च्या, त्यांवर मोठी मोठी माणसं गुडघे छातीला लावून बसलेली. मॅडम उभ्या होत्या, पूर्ण बाह्यांच्या कुर्त्यात, मनगटाशी गुंड्या लावून. उकडत होतं, पण मॅडमचा थाटच तसा, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही. पालकांत एक बाई होत्या, ज्यांना सगळं फोनवर कळायचं. त्यांचं नावच पडलं होतं फोनवरच्या डॉक्टरीणबाई. त्या म्हणाल्या, ‘ही खरूज आहे. अंथरुणा-पांघरुणातून पसरते. मी सगळं वाचलंय.’

अंथरूण-पांघरूण म्हटल्यावर एक एक मान मागच्या भिंतीकडे वळली. तिथे काकू उभ्या होत्या, इस्त्री अर्धवट सोडून आलेल्या.

‘माझ्या चादरींतून?’ काकू म्हणाल्या. ‘उकळत्या पाण्यातून काढलेल्या चादरींतून?’

‘तसं नाही हो काकू,’ कुणीतरी म्हणालं, ‘पण सुरुवात कुणापासून झाली ते तरी कळायला हवं ना?’

‘ताई, पहिल्यांदा कुणाला झालं?’ मॅडमनी विचारलं.

ताईनं मान खाली घातली. ‘काकूंच्या नातीला.’

झालं! आणखी काय हवं होतं? काकूंच्या घरी माणसं किती, खोल्या किती, अशी कुजबुज सुरू झाली. जी माणसं त्यांच्या हातच्या कडक इस्त्रीच्या चादरींवर आपली मुलं बिनघोर झोपवत होती, ती आता बुटक्या खुर्च्या मागे सरकवायला लागली.

‘काकू,’ मॅडम फार गोड आवाजात म्हणाल्या, ‘जरा बाह्या वर करून हात दाखवता का? सगळ्यांचं समाधान होईल.’

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हात लपवायचं त्यांना काय कारण होतं? त्यांनी बाह्या सरकवल्या आणि दोन्ही हात पुढे केले. लाल, सोललेले, डागाळलेले हात. हे ह्या घरासाठी झालेले हात, बघा नीट, असंच त्यांना वाटलं होतं. पण बघणाऱ्यांना दिसलं ते भलतंच. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. कुणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं. एका बापानं आपल्या लेकराला उचलून घेतलं.

‘अहो, हे सोड्याचं आहे! ही भाजल्याची खूण आहे, ही! विचारा स्वयंपाकिणीला!’

कुणी विचारलं नाही. दाराजवळ त्यांची सून उभी होती, नात कडेवर घेऊन. कामावरून तशीच आली होती. तिला ते हात माहीत होते. ह्याच हातांनी तापवलेलं पाणी तिला लग्न झाल्यापासून आंघोळीला आयतं मिळत होतं. काकूंनी तिच्याकडे बघितलं. एक शब्द बोलली असती ती! पण सून फरशीकडे बघत राहिली.

‘काही दिवस विश्रांती घ्या,’ मॅडम म्हणाल्या. ‘चादरी आपण बाहेर देऊ.’

घरी आल्यावर काकू तडक अंथरुणावर जाऊन पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात गेल्या तर दाराच्या पाठीमागे एक नवा खिळा ठोकलेला आणि त्यावर निळा टॉवेल. बाकीचे टॉवेल पलीकडे, एकत्र.

‘हा कुणाचा?’

‘तुमचा, आई,’ सून म्हणाली. ‘थोडे दिवस.’

‘माझ्याच घरात माझा टॉवेल वाळीत?’

मुलगा वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता. काकूंनी त्याच्या पेपराकडे इतका वेळ बघितलं की त्यानं पान उलटलं, पण मान वर केली नाही. शाळेच्या परीक्षेत नापास होऊन आला होता तेव्हाही असाच बसला होता, त्या मनात म्हणाल्या, आणि तेव्हा ह्याच हातांनी मी त्याला घास भरवला होता.

टॉवेलाचं एक वेळ सोडा. नातीचं काय? नात संध्याकाळी धावत यायची आणि दोन पावलांवर थांबायची. तिला सांगून ठेवलं होतं. ती लांबूनच विचारायची, ‘आजी, आज तुझे हातमोजे बरे झाले?’ काकू उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि भांडी आपटायच्या. धुतलेलीच भांडी पुन्हा घासायच्या. चोरी केली असती तर एक वेळ मान खाली घातली असती, असं त्यांना वाटायचं. पण त्यांनी तर आयुष्यभर लोकांचा मळ काढला होता, आणि त्याच मळाचं खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं होतं.

आणि नातीचं खाजवणं थांबलं का? छे! आजीला ती शिवत नव्हती, पाळणाघरात चादरी बाहेरून धुऊन येत होत्या, तरी पोटावर रोज नवी पुटकुळी.

‘आता कुणाकडून होतंय हे?’ काकूंनी एकदा विचारलंच. ‘आता कुणावर बोट दाखवायचं? बाहेरच्या धोब्यावर?’

‘मला नाही माहीत, आई,’ सून रडवेली होऊन म्हणाली. ‘मला भीती वाटते. मला काहीच कळत नाही.’

‘कळत नाही तर खिळा कशाला ठोकलास?’

सून डोळे पुसत आत गेली. पण टॉवेल तिथेच राहिला.

मग एका सकाळी दारात ताई उभी. हातात झाकणाची टोपली, टोपलीत साहेब. डोळे सुजलेले.

‘कशाला आलीस?’ काकू उंबऱ्यातच आडव्या उभ्या राहिल्या. ‘आत येऊ नकोस. माझ्याकडून लागेल तुला काहीतरी.’

‘काकू, मला आधीच झालंय.’ ताईनं ओढणी बाजूला केली. मनगटापासून दंडापर्यंत लाल ठिपके. ‘मी आठवडाभर गावी गेले होते. तिथे सगळं बसलं. परत आले, साहेबांना मांडीवर घेतलं, की पुन्हा सुरू. तुमच्या चादरी नाहीत, तुम्ही नाही, मग कशानं? आणि काकू, तान्ह्या बाळांच्या खोलीत एकालाही काही नाही. त्यांना चादरी तुमच्याच होत्या. फक्त साहेब तिकडे जात नाहीत. आणि मी सकाळी येते तेव्हा तुमची नात एकटीच साहेबांना मांडीवर घेऊन बसलेली असते, म्हणून तिला पहिल्यांदा.’

काकूंनी टोपलीचं झाकण उघडलं. साहेब पाठ खाजवत होते. राखाडी केसांत खांद्यांच्या मध्ये पांढरा कोंडा, भुसा सांडल्यासारखा. खाली जांभळी शाल, तिच्यावरही तोच भुसा.

‘मी जनावरांच्या डॉक्टरांकडे निघाले आहे,’ ताई म्हणाली. ‘एकटीनं जायची हिंमत होत नाही. शाल धुवू नका म्हणून मीच सांगितलं होतं.’

‘तूच सांगितलं होतंस,’ काकू म्हणाल्या आणि चपला घातल्या. ताईच्या मदतीला म्हणून नव्हे. जे काही कळेल ते स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं त्यांना.

डॉक्टरांची खोली लहान. औषधांचा आणि ओल्या कुत्र्याचा वास. डॉक्टर जाडजूड, आवाज मोठा, पण हात अगदी हलके. त्यांनी साहेबांना टेबलावर घेतलं, ‘या साहेब,’ म्हणाले, नाव ऐकून हसले, आणि मग केस फुंकरीनं बाजूला करत सगळी पाठ बघितली. कान आतून बघितले. दात बघितले. शेवटी पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा घेतला, कोंड्यावर दाबला, उचलला, काचेवर चिकटवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बराच वेळ बघत राहिले.

‘या, बघा,’ ते म्हणाले.

काकूंनी एक डोळा मिटून दुसरा लावला. आधी नुसता पांढरा उजेड, मग त्यात पाय. आठ पाय, तोंडाशी आकडे, आणि ती वस्तू चालत होती. काकू झटकन मागे झाल्या.

‘हा कोंडा नव्हे, कोंड्याखाली राहणारा किडा,’ डॉक्टर म्हणाले. ‘माणसाच्या खरजेचा नाही. हा सशाचा. सशाला मांडीवर घेतलं की माणसाला चावतो. म्हणून पोटावर, हातांवर पुटकुळ्या. पण माणसाच्या अंगावर त्याचा संसार होत नाही. साहेब बरे झाले आणि अंथरुणं स्वच्छ झाली की माणसांचं आपोआप बसतं. खाज फार असेल तर त्यांच्या डॉक्टरांना दाखवा, ससा आहे हे मात्र सांगा.’

‘आणि पोटात जंत असतील ना ह्याच्या?’ काकूंना आता सगळा राग सशावर काढायचा होता. ‘मुलांना जंत होतात ते ह्याच्यामुळेच! हाकलून द्या ह्याला.’

‘नाही हो आजी. सशाचे जंत मुलांना होत नाहीत. मुलांना होतात ते मुलांकडूनच, नखांतून. ते ह्या बिचाऱ्याच्या माथी मारू नका.’ डॉक्टरांनी मानेवरचे केस दूर करून औषधाचे थेंब सोडले. ‘असं आणखी काही वेळा करावं लागेल. आणि ऐका, कुत्र्याचं पिसवांचं औषध कुणी घालायला सांगेल, ते घालायचं नाही. कुत्र्याचं काही औषध सशाच्या जिवावर बेततं.’ मग त्यांचा आवाज उतरला. ‘हा कुणाच्या घरी जातो का? तिथे कुणी खूप आजारी, कर्करोगाच्या औषधांवर, मूत्रपिंड बदललेलं?’

ताईचा चेहरा उतरला. ‘एका मुलाचे आजोबा. त्यांचं मूत्रपिंड बदललंय.’

‘तिथे पुन्हा पाठवू नका, आणि त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. सशाच्या लघवीतून आणखी एक बारीक जीव जातो. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही, पण ज्यांची ताकद औषधांनी दाबून ठेवलेली असते, त्यांना महागात पडू शकतो. ह्याला तो आहे असं मी म्हणत नाही. रक्त तपासल्याशिवाय म्हणणारही नाही. तोवर पिंजरा साफ केला की साबणानं हात धुवा, सगळ्यांनी.’ त्यांनी टोपलीत बघितलं. ‘ही शाल कधी धुतली होती?’

ताईनं काकूंकडे बघितलं.

‘कधीच नाही. वासासाठी,’ ताई कसंबसं म्हणाली.

‘अहो, वास राहू द्यायचा तर दोन तुकडे ठेवायचे आणि आळीपाळीनं धुवायचे. ह्या किड्यांना सशाशिवाय शालीवरही काही दिवस जगता येतं. ह्या एका चिंधीतून अर्धा गाव खाजवत बसला असेल.’

डॉक्टर हात धुवायला वळले. काकू मात्र टेबलावरच्या सशाकडे बघत उभ्या राहिल्या. साहेब निवांत बसले होते, नाक हलवत. कुणी त्यांना ओरडलं नव्हतं. त्यांची पाठ बघितली, कान बघितले, चिकटपट्टी लावून भिंगातून बघितलं आणि मगच डॉक्टरांनी तोंड उघडलं. दोष त्यांच्या अंगावर सापडला तरी त्यांना औषध मिळालं, वर मानेवरून हात फिरला.

‘सशाला औषध,’ काकू म्हणाल्या, ‘आणि मला सुट्टी.’ त्यांचा आवाज चिरकला. ‘ह्याला बघितलं तरी नीट. मला कुणी बघितलं?’

ताई रडायला लागली. काकूंनी तिला रडू दिलं. ह्या वेळी चहा नाही.

तिथून दोघी थेट पाळणाघरात गेल्या. ताईनं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा एकदा पांढरा पडला, एकदा लाल झाला, आणि बोलता बोलता त्यांचा डावा हात उजव्या मनगटाकडे गेला. गुंडीच्या आत बोट घालून त्या खाजवत होत्या. त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलं नाही. काकूंच्या आलं.

दुपारी कार्यालयाचं दार बंद असतं, साहेब कधी कधी आतच असतात, हे स्वयंपाकीण मागे सांगत होती. तेव्हा काकूंनी कान दिला नव्हता.

‘मॅडम,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘तुम्हाला कधीपासून आहे?’

मॅडमनी हात टेबलाखाली घेतला. मग पुन्हा वर आणला. ‘त्या बैठकीच्या आधीपासून.’

‘म्हणजे माझ्या बाह्या वर करवल्यात तेव्हा तुमच्या बाह्यांत हेच होतं?’

‘मी घाबरले होते, काकू. पालक मुलं काढून नेतील असं वाटलं. माझ्याकडे बोट आलं असतं तर पाळणाघर बंद पडलं असतं. चुकलंच माझं. मी मनापासून माफी मागते. आणि तुम्ही आजपासूनच कामावर या. सगळं उकळायला हवंय, तुमच्याशिवाय कोण करणार?’

‘माफी मागितलीत,’ काकू म्हणाल्या, ‘दार लावून.’

‘म्हणजे?’

‘बाह्या बाहेर वर केल्या होत्या मी. सगळ्यांसमोर. मग माफी आत कशाला?’

काकू धुण्याच्या खोलीत गेल्या, शेगडी पेटवली, भांडं भरून ठेवलं, पण त्यात काही टाकलं नाही. दांडका घेऊन नुसत्या बसून राहिल्या. पाणी खदखदून अर्धं झालं. स्वयंपाकीण डोकावली आणि परत गेली.

संध्याकाळी पालक मुलांना न्यायला आले. दिवाणखान्यात नेहमीचा गोंधळ, चपला, दप्तरं, रडारड. मॅडम कार्यालयातून बाहेर आल्या. सगळ्यांना थांबायला सांगितलं. मग सशाचं सांगितलं, शालीचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं. फोनवरच्या डॉक्टरीणबाईंनी ‘मला वाटलंच होतं’ असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मॅडमनी मनगटाची गुंडी काढली. एक बाही वर केली, मग दुसरी. गोरे हात लाल ठिपक्यांनी भरलेले.

‘हे माझ्या हातांवर त्या दिवशीही होतं,’ त्या म्हणाल्या. ‘काकूंच्या हातांवर नव्हतं. काकूंचे हात आपल्या मुलांच्या चादरींनी तसे झालेत. मला हे माहीत होतं आणि मी गप्प राहिले.’

कुणी खोकलं. एका बापानं उगाचच मुलाच्या बुटाचे बंद सोडून पुन्हा बांधले. काकू मागच्या भिंतीशी उभ्या होत्या, त्याच जागी. त्यांना वाटलं होतं, आता गार वाटेल. तसं काही वाटलं नाही. त्यांची नजर दाराकडे होती.

सून तिथेच उभी होती. तीच जागा, तीच पर्स, फक्त ह्या वेळी फरशीकडे बघत नव्हती. सगळे बघत असताना ती खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आली आणि कडेवरची नात तिनं काकूंच्या हातांत दिली. ‘घ्या आई,’ एवढंच म्हणाली. नातीनं लगेच एक हातमोजा ओढून गालाखाली घेतला. काकूंनी मात्र सुनेकडे रोखून बघितलं.

‘बोलायला हवं होतंस तू त्या दिवशी. एक शब्द.’

‘हो, आई.’

‘मी विसरणार नाही.’

‘नका विसरू,’ सून म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

घरी न्हाणीघरात काकूंनी स्वतः पक्कड घेऊन तो खिळा उपटला. निळा टॉवेल सुनेनं हातात धरला होता, काय करावं कळत नव्हतं तिला. ‘टाकून देऊ का?’ तिनं विचारलं.

‘टाकतेस कशाला? नवा कोरा आहे.’ काकूंनी तो घेतला आणि मधोमध टरकन फाडला. दोन तुकडे. ‘साहेबांना शाल लागते. एक अंगाखाली, एक धुण्यात.’

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, नातीला बरोबर घेऊन, त्यांनी जांभळी चिंधी दांडक्यानं उचलून उकळत्या भांड्यात सोडली. पाणी काळं झालं. काकूंनी ते ओतून दिलं, नवीन पाणी घेतलं आणि दांडका पुन्हा हातात धरला.